कावळ्याच्या काळ्या यादीत

जूनमध्ये बसस्टॉपकडे निघालो होतो, मागून कुणीतरी डोक्यात टपली मारली. वळून बघतो तर कावळा. दुसऱ्या दिवशी परत. रस्त्यावर इतकी माणसं, पण त्याला मीच सापडायचो. सिएटलच्या कावळ्यांच्या मानेला राखाडी पट्टा नाही, नखशिखांत काळे, आपला डोमकावळाच म्हणा ना.

ऑफिसमधल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने निदान केलं: "पिल्लाजवळून गेला असशील. चेहरा लक्षात ठेवलाय तुझा." मग इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाची गोष्ट. २००६ साली तिथले पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांच्या चमूने आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून ७ कावळे पकडले, पायात कड्या अडकवून सोडले. पुढे तो मुखवटा घालून आवारात कुणीही फिरो, कावळे तुटून पडत. एका फेरीत ५३ पैकी ४७ ओरडले. तुलनेसाठी घातलेल्या, तेव्हाचे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनींच्या मुखवट्याला मात्र फारसं कुणी विचारलं नाही. पकडलेले सातच, बाकीच्यांनी राग त्यांच्याकडून उचलला. आपल्याकडे बांधाचं भांडण पोरांना वारसाहक्काने मिळतं, तसाच.

हे सगळं तो असं सांगत होता, जणू कावळा यांनीच शोधून काढला. मीही ऐकवलं, "आमच्याकडे कावळा शिवल्याशिवाय दहावा उरकत नाही!"

"म्हणजे तो ओळखतो माणसांना? बघितलंय कुणी?"

यावर काय बोलणार? आपण कावळ्याला मेलेल्याची इच्छा विचारतो. आपल्याला तो ओळखतो का, हा प्रश्न कधी पडलाच नाही. फारच वेळ लावला तर दर्भाचा कावळा करून मोकळे.

बाबांच्या दहाव्याला मी नव्हतो. व्हिसाचा घोळ होता, उगाच नाही. माहुलीच्या घाटावरून भावाने व्हिडिओ कॉल लावलेला, पिंड तासभर तसाच. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, वर्षश्राद्धाला येतो म्हण." म्हटलं. शिवला.

वर्षश्राद्धाला जमलं नाही. नंतरही नाही. इथून चौघांची तिकिटं काढून बघा एकदा, मग बोला.

आज बाबांची तिथी. गॅलरीत पान ठेवलं: वडे, खीर, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. दारावर बिल्डिंगच्या ऑफिसची चिठ्ठी आहेच, पक्ष्यांना खायला घालाल तर दंड. उंदीर होतात, नियम चुकीचा नाही. पण वर्षातून एक पान!

समोरच्या तारेवर एक जण बराच वेळ बसून होता. खाली आला, वडा चोचीत धरला, कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघून घसा फोडून ओरडला. मग वडा घेऊन गेला.

संध्याकाळी भावाचा फोन. "दादा, घेतला का घास?"

"घेतला," म्हटलं. ओरडला ते नाही सांगितलं.