पाठकोरं

परवा रविवारी दुपारी कूलर लावला आणि माझी अर्धी गोष्ट घरभर उडाली. पानांवर ठेवलेला बत्ता पोराने शेंगदाणे कुटायला नेला होता, आणि वस्तू जागेवर परत ठेवणं आमच्या घराण्यात नाही. एक पान देवघरात गेलं, दोन पलंगाखाली, एक वाघ्याच्या पाण्याच्या भांड्यात. वाघ्याने उठून त्याचा वास घेतला आणि कूलरखालच्या ओल्या फरशीवर पुन्हा पोट टेकलं. सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "काय उडनं व?"

"काही नाही, कागद."

"कामना शेतस का?"

कामाचे आहेत का, याचं उत्तर मला पंधरा वर्षांत सापडलेलं नाही.

पानं गोळा केली, क्रम लावला. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. चार नाही. पलंगाखाली पुन्हा वाकले, तिथे हरवलेली कात्री मिळाली, पोराचा मागच्या वर्षीचा एक मोजा मिळाला. चार नाही.

सगळी पानं पाठकोरी, म्हणजे एका बाजूने छापलेली, पाठीमागून कोरी. मी कोऱ्या कागदावर लिहीत नाही. लिहीत नाही म्हणजे जमत नाही. नवऱ्याने एका लग्नाच्या वाढदिवसाला जाड पुठ्ठ्याची, मध्ये रेशमी फीत असलेली वही आणली होती. पहिल्या पानावर नाव आणि तारीख घातली, दुसऱ्या पानावर पेन टेकवून बराच वेळ बसले, आणि तिसऱ्या पानापासून त्या वहीत दुधाचा हिशेब आहे. फीत अजून वापरात आहे, खाडे मोजायला बरी पडते. दर जानेवारीत विम्याचे एजंट डायऱ्या देतात, त्या सासूबाईंच्या पोथ्यांखाली उंची वाढवायला जातात. कोरा कागद समोर आला की तो तोंडाकडे बघतो, हं, बोला. पाठकोऱ्याचं तसं नाही. त्याचं जे काय वाटोळं व्हायचं ते एका बाजूने होऊन गेलेलं असतं. त्याच्याशी बोलायला संकोच वाटत नाही.

बँकेत असे कागद पुष्कळ. मी यावल रस्त्यावरच्या एका गावात पीककर्जाच्या टेबलावर बसते. सकाळी भुसावळहून एसटी, तापीचा पूल, पुढे दोन्ही अंगांनी केळी. खातेदाराचं नाव असलेला कागद मी घेत नाही, तो फाडायचाच असतो. माझा डोळा असतो तो शेवटच्या पानावर. सर्क्युलर छापायला घेतलं की मजकूर पाच पानांत संपतो आणि सहावं पान डोक्यावर फक्त 'पेज ६ ऑफ ६' एवढं घेऊन निवांत बाहेर येतं. खाली सगळी पांढरी पाटी, मागेही पांढरी पाटी. हे पान कुणालाच नको असतं. ते मी खणात टाकते आणि जेवणाच्या सुट्टीत, भाकरीचा शेवटचा तुकडा उरला की, एका हाताने लिहिते. दुसरा हात खरकटा असतो. त्यामुळे माझ्या बऱ्याच गोष्टींना ठेच्याचा वास आहे, हे एका संपादकांनी कळवलंही होतं. म्हणजे त्यांनी 'मातीचा गंध' असं लिहिलं होतं.

पाठकोऱ्याची सवय घरचीच. वडील रेल्वेत गार्ड. भुसावळात हे सांगण्यात काही विशेष नाही, आमच्या गल्लीत जो गार्ड नव्हता तो ड्रायव्हर होता आणि जो ड्रायव्हर नव्हता तो त्याचा मेहुणा होता. जुने, बाद झालेले फॉर्म वडील पिशवीतून घरी आणायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधून, गाणी म्हणून झाली, झोके सुटले, की आई एका दुपारी दाभण, जाड दोरा आणि मेणाचा तुकडा घेऊन बसायची. फॉर्मांची कोरी बाजू एकीकडे करायची, गठ्ठा मांडीखाली दाबायची, तीन भोकं पाडायची. दाभण आरपार जाताना कट् असा आवाज यायचा आणि त्या प्रत्येक आवाजाला आम्ही भावंडं डोळे मिटायचो, कारण एकदा ते तिच्या बोटातून गेलं होतं. जूनपर्यंत रफ वह्या तयार. प्रत्येक पानावर पलीकडचे रकाने उलटे, फिक्के उमटलेले. गणित चुकलं की त्या रकान्यांवर खापर फोडता यायचं.

पाचवीत 'माझी आई' हा निबंध मी घाईत रफ वहीतच लिहिला आणि पान फाडून बाईंना दिलं. बाईंनी ते उलट्या बाजूने धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "एकूण डबे. भरलेले डबे. रिकामे डबे. वजन टनात." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "ही तुझी आई का गं?" वर्ग हसून लोळला. घरी येऊन रडत सांगितलं तर आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "खोटं काय आहे त्यात? सकाळी भरलेले, संध्याकाळी रिकामे." वडिलांचा एक, आमचे तीन, असे चार डबे रोज तिच्या हातून जायचे. त्या निबंधात मी काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. पाठीमागचं मात्र पाठ आहे.

वडिलांचं आणि साहित्याचं नातं एवढंच. नाही, अजून एक होतं. जळगावला मामाकडे जाताना पॅसेंजर भादलीला थांबली की ते खिडकीतून बोट दाखवायचे. "इथं बालकवी ठोंबरे गेले. १९१८ साली. गाडीखाली." आम्ही गप्प व्हायचो. मग ते सावकाश म्हणायचे, "रूळ ओलांडायचा नसतो."

आता माझा एक राग सांगून टाकते. मी कुठेही 'वेळ मिळत नाही' म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "अहो, आपल्या बहिणाबाईंनी जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या रचल्या, लिहिता-वाचता येत नसताना!" खानदेशात लिहिणाऱ्या बाईला यातून सुटका नाही. आसोद्याची ती माउली मला कुणापेक्षा कमी प्रिय नाही, पण दळता दळता दर अर्ध्या तासाने तिच्या मोबाइलवर ओटीपी येत नव्हता. शिवाय एक गोष्ट लोक सोयीने विसरतात. तिच्या ओव्या उतरवून घ्यायला घरात माणसं होती, मुलगा सोपानदेव होता. १९५१ साली ती गेल्यावर त्याने त्या अत्र्यांना दाखवल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. माझा मुलगा सातवीत आहे. परवा त्याने माझ्या गोष्टीचं एक पान वाचलं, "आई, यातला कुत्रा मरणार आहे का?" असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्याच पानाच्या समासात लसावि काढला.

घरात लिहायची वेळ पहाटेची, असं ठरलेलं आहे. पाच वाजता उठावं, चहा ठेवावा, तेवढ्यात वाघ्याला बाहेर जायचं असतं. तो आला की चिमी आत येते. चिमी मांजर आहे आणि तिचं तत्त्व असं, की माणूस ज्या कागदाकडे बघतोय तोच कागद बसायला उत्तम. तिला उचलून बाजूला ठेवायचं म्हणजे तो दिवसभराचा अपमान. दोन वर्षांपूर्वी पाठकोऱ्यांच्या खोक्यात तिने तीन पिल्लं घातली. एका अख्ख्या दीर्घकथेचा कच्चा खर्डा त्या बाळंतपणात कामी आला. नवरा म्हणाला, चला, काहीतरी प्रसूत झालं. त्याला त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलची शेवभाजी आणावी लागली.

उरला दुसरा आणि चौथा शनिवार. त्या दिवशी बँकेला सुट्टी, आणि म्हणून गहू, गॅस, दात, आधार कार्ड, नणंद, सगळं त्याच दिवशी. पूर्वी मला वाटायचं, एकदा महिनाभर रजा काढावी आणि नुसतं लिहावं. काढलीही होती, आठ दिवसांची. सासूबाईंना अमळनेरला पाठवलं, पोरगा मामाकडे, कुत्रं-मांजर नवऱ्याच्या हवाली. आठ दिवसांत मी माळा साफ केला. एक ओळ झाली नाही. नवव्या दिवशी टेबलासमोर सातबारा, आठ-अ, नो-ड्यूजच्या दाखल्यांची रांग लागलेली असताना तीन पानं झाली. यावरून काय ते समजा. मला अजून समजलेलं नाही.

तर, चार.

सोमवारी खण उपसला. नाही. दुपारी एका खातेदाराची फाइल काढली आणि तिथे ते पान बसलेलं होतं. शिक्का मारलेला, आवक नंबर घातलेला, वर माझीच सही.

मग आठवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी वादळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून दोन्ही अंगांचं केळी आडवं दिसत होतं, निसवलेले घड तसेच चिखलात. बँक उघडायच्या आधीच माणसं पायरीवर. त्या गर्दीत एक काका पुढे आले, हातात नुसता आधारचा कागद. मुदत वाढवून मागायला अर्ज द्यावा लागेल म्हटलं, तर म्हणाले, "कागद नाही माय." मी खणात हात घातला आणि न बघता वरचं पान दिलं. त्यांनी काउंटरला टेकून उभ्याउभ्या लिहिलं. 'पेज ६ ऑफ ६'च्या खाली, तीन बोटं सोडून, जुन्या वळणाच्या ठसठशीत अक्षरात: महोदय, काल रात्रीच्या वादळात माझे साडेतीन हजार खोड आडवे झाले असून...

पलटून पाहिलं. मागे माझ्या गिचमिड अक्षरात गोष्टीतली बाई खिडकीशी उभी राहून पावसाची वाट बघत होती. चांगलं एक पानभर बघत होती. काकांनी ती बाजू वाचली की नाही, कोण जाणे. बोलले तरी नाहीत.

पान काढून घेता येणार नव्हतं, आवक नंबर पडला होता. मोबाइलवर फोटो काढून घरी उतरवता आलं असतं. नाही काढला. रात्री तिसऱ्या पानानंतर एकदम पाचवं वाचून बघितलं. गोष्टीचं काहीही अडत नव्हतं.

काकांच्या अर्जावर वरून अजून काही आलेलं नाही. काल पुन्हा येऊन बसले होते.