अजून वजन टाका की ओ!

भाचीच्या अकरावीच्या फिजिक्स प्रोजेक्टपायी आमच्या अंगणात सध्या एक ट्रेब्युशे उभं आहे. म्हणजे तोफा यायच्या आधी किल्ल्यांवर धोंडे फेकायला वापरायचे ते लाकडी यंत्र. दांड्याच्या आखूड टोकाला वजन, लांब टोकाला गोफण, वजन खाली आलं की दांडा उसळतो आणि बॉल सुटतो. एवढंच. पण असली वस्तू कोल्हापुरात अंगणात ठेवली की गल्लीतला प्रत्येक माणूस गाडी थांबवतो, दोन मिनिटं बघतो आणि एकच सल्ला देतो, अजून वजन टाका की ओ.

सामानाची काय अडचण आली नाही, कारखान्यांचं उद्यमनगर कशाला आहे. शाफ्ट लेथवर करून मिळाला, बेअरिंगं भंगारातली, वजनाला बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे तुकडे. डब्यात सहा किलो बीड आणि समोर जेमतेम 58 ग्रॅमचा टेनिस बॉल, म्हणजे साधारण शंभरास एक. भाचीनं हिशोब मांडला, सहा किलो अर्धा मीटर खाली येणार म्हणजे 30 ज्यूलच्या आसपास एनर्जी, ती सगळीच्या सगळी बॉलला मिळाली तर बॉल शंभर मीटर जाईल. कागदावर. खरं तर दांडा फिरवण्यात थोडी जाते, डबा हेलकावे खातो त्यात थोडी, टेनिस बॉलची लव हवा धरते त्यात अजून थोडी, आणि शेवटी बॉल पडतो समोरच्या नारळाच्या बुडाशी.

पण हे सगळं नंतरचं, आधी तो खिळा. गोफणीची एक दोरी दांड्याला पक्की बांधलेली असते आणि दुसरीचा फास टोकावरच्या एका खिळ्यात नुसता अडकवलेला. खिळा सरळ ठेवला तर फास लवकर निसटतो आणि बॉल आभाळात, कधी कधी तर मागं पत्र्यावर. जास्त वाकवला तर उशिरा सुटतो आणि बॉल समोरच मातीत आदळतो. सहा किलो बीड एका बाजूला आणि पक्कडीनं खिळ्याला दिलेला एवढासा बाक एका बाजूला, आणि ऐकायचं खिळ्याचं! जोंधळ्यात पाखरं राखलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही, एक दोरी बोटात आणि दुसरी कधी सोडायची तेवढीच काय ती अक्कल.

पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला 1660 ला, तोवर तोफा आलेल्या, त्यामुळं आपल्या गोष्टीत हे यंत्र नाही याचं मला उगीच वाईट वाटतं. 1304 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यासमोर 'वॉरवुल्फ' नावाचं अवाढव्य ट्रेब्युशे बांधलं, आतले लोक शरण यायला तयार झाले तर हा म्हणाला थांबा, आधी यंत्र चालवून बघणार. माणूस म्हणून बेकारच, पण एवढं लाकूड तासल्यावर न उडवता गप बसणं कुणाला जमलं असतं?

आता भाचीला त्याला चाकं बसवायची आहेत. फ्रेम पुढंमागं सरकली की वजन जास्त सरळ खाली येतं आणि बॉल लांब जातो, हे खरं आहे. गल्लीत मात्र कुणाला पटत नाही. आणि तिचा डोळा धाकट्याच्या सायकलीवर आहे.