स्टिरॉइडचे मलम : बाबांचा नायटा आणि आईचा एक्झिमा

बाबांना जांघेत नायटा झाला तो पावसाळ्यात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्यांना मिळालेल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत चार औषधे छापलेली होती : क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन. यांपैकी टर्बिनाफिन बुरशीवरचे, तर क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमधील सर्वांत तीव्र गटातले. मलम लावले की खाज थांबे, बंद केले की दुप्पट जोराने परत येई, आणि दर वेळी चट्टा आधीपेक्षा मोठा झालेला असे.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चट्ट्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली, तीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू आम्हालाही दाखवले. स्टिरॉइडमुळे दाह आणि तिथली प्रतिकारशक्ती दोन्ही दबतात, त्यामुळे रोग्याला बरे वाटते, पण बुरशीला मोकळे रान मिळते. शिवाय नायट्याची ओळखीची लालसर गोल कडाही पुसट होत जाते आणि निदान अवघड होते, हे त्यांनी शांतपणे समजावले. जांघ, पापण्या आणि चेहरा येथील त्वचा पातळ असल्याने तिथे हे औषध हातापेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते. बाबांच्या मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट, खोलगट रेघा उमटल्या होत्या. ‘‘काका, नायटा जाईल, या रेघा फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत,’’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

स्टिरॉइड थांबवल्यानंतरचा काळ सर्वांत कठीण गेला. खाज आणि लाली उसळली, बाबांची झोप उडाली, आणि ‘जुनी ट्यूबच बरी होती’ हे वाक्य घरात रोज ऐकू येऊ लागले. मात्र असे होणार हे बाईंनी आधीच बजावले होते, म्हणून आम्ही टिकून राहिलो. मला वाटते, बहुतेक माणसे याच टप्प्यावर पुन्हा मेडिकलची पायरी चढतात. पोटात घ्यायला इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध, लावायला केवळ बुरशीवरचे मलम, तेही चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागा धरून, खाजेसाठी रात्री एक गोळी, वेगळा टॉवेल, गरम पाण्यात धुतलेले सुती कपडे आणि शिवणींवरून फिरवलेली इस्त्री, असे सगळे चालले. चट्टा दिसेनासा झाल्यावरही औषध लगेच बंद करू दिले नाही.

याच काळात आईच्या तळहातांचा एक्झिमा भांड्यांच्या साबणाने चिघळला आणि त्याच बाईंनी तिला स्टिरॉइडचेच मलम लिहून दिले. बाबांचे हाल पाहिलेली आई इतकी घाबरली, की मोहरीएवढे मलम तळहाताला पुसून ती ट्यूब कपाटात ठेवून देई. साहजिकच भेगा तशाच राहिल्या. तेव्हा बाईंनी तिला माप दाखवले. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बुरशी नसलेल्या एक्झिमात दाह हाच रोग असतो, म्हणून तो दाबणे हाच उपचार. आणि तळहाताची त्वचा जाड असल्याने तिथे सौम्य औषध अनेकदा पुरत नाही. रात्री एकदाच लावायचे, ठरलेल्या आठवड्यांनंतर दिवस कमी करत आणायचे, व्हॅसलिन मात्र दिवसभर आणि भांडी घासताना हातमोजे, हा क्रम पाळल्यावर भेगा भरल्या. औषधाची भीतीही उपचार बिघडवते, हे मला तेव्हा पटले.

केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइडची अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हणून ती सर्रास मागितली आणि दिली जातात, याची मला मनापासून चीड येते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावे पाठ असली तरी पुष्कळ टळेल. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्येही मोमेटासोन असते, आणि तिथे तर लावायची जागा चेहरा असते.

आईच्या ट्यूबवर आता सुरुवातीची तारीख लिहिलेली असते. रोज अर्धा ग्रॅम या हिशेबाने 15 ग्रॅमची ट्यूब महिनाभर चालायला हवी. ती लवकर संपली किंवा भरलेलीच राहिली, तर पुढच्या भेटीत बाई आधी त्याचेच कारण विचारतात.