एकच गांधी, दोन भाव

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, चांदीची मोड घेऊन येणाऱ्यांत दिवसाला एखादा तरी जुनी नाणी घेऊन येतो. सराफ वजन सांगतात आणि बाकीच्या चौकशीला त्याला बोळातल्या माझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानात पाठवतात. बहुतेकांच्या मोबाईलवर वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं असा व्हिडिओ असतो. आपल्या नावानं चाललेल्या असल्या व्यवहारांत फसू नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलं होतं. ते कुणी फॉरवर्ड केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हे दोघे भाऊ मात्र व्हिडिओ बघून आलेले नव्हते. पन्हाळ्याकडचे. थोरला शेती बघतो, धाकटा पुण्यात कंपनीत. वडील बँकेत कॅशियर होते. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं निघालं, तेव्हा त्यांनी काउंटरवरच आठ घेऊन ठेवली. आई गेल्यावर वाटणी झाली, चार-चार. पहिली निवड थोरल्याची. त्यानं देव्हाऱ्यातली चकचकीत चार उचलली आणि ट्रंकेत बटर पेपरमध्ये पडलेली काळपट चार धाकट्याच्या वाट्याला आली.

“शेठ, ही काळी जरा उजळून मिळतील का?” धाकट्याच्या बायकोनं पहिला प्रश्न हाच विचारला.

मी म्हटलं, “वहिनी, हात लावू नका. कडेनं धरा.”

एक नाणं घेऊन दिव्याखाली तिरकं केलं. काळं म्हणत होते ते मुळात काळं नव्हतंच. कडेला जांभळट, आत सोनेरी, मध्ये फिकट राखाडी. हवेतल्या आणि कागदातल्या गंधकानं चांदीवर असा पातळ थर चढतो. आम्ही त्याला टोनिंग म्हणतो. नाणं सावकाश फिरवलं तर त्या थराखालून उजेडाचा एक पट्टा सबंध फिरतो. ठसा बसताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या बारीक रेषांवरून येणारी ती चमक. टाकसाळीतून निघाल्यावर ती एकदाच मिळते, कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. भिंगातून गालाचं हाड आणि कानाची पाळी बघितली, कारण झीज सुरू होते ती उंच जागांवर. झीज नव्हतीच. पिशवीत इतर नाण्यांवर आपटून पडतात तसे दोन-तीन बारीक व्रण, बस्स.

मग थोरल्याचं घेतलं. लांबून आरसा. भिंगाखाली मात्र एकाच दिशेनं गेलेल्या केसासारख्या शेकडो रेघा, आणि ‘महात्मा’च्या अक्षरांच्या खाचेत पांढरी पूड बसलेली.

“रांगोळीनं घासलंय?”

“आई धूत हुती की दरवर्षी. लक्ष्मीपूजनाला काळी नाणी ठेवायची व्हय?”

इथं मला तोलून बोलावं लागलं. आठही नाणी सारखीच. पंधरा ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, म्हणजे निव्वळ बारा ग्रॅम. मोडीत घातली तर दोघांना पैसे सारखेच. फरक पडतो तो संग्राहकाकडे. शिवकाळातली तांब्याची शिवराई झिजून गुळगुळीत झाली तरी घेणारा हात जोडून घेतो. हे नाणं पडलं १९६९ चं, लाखांनी पाडलेलं आणि लोकांनी तेव्हाच जपून ठेवलेलं. नुसतं नाणं असण्याचं कुणाला अप्रूप नाही. किंमत फक्त ते कसं राहिलंय याची.

विल्यम शेल्डननं १९४९ साली अमेरिकन सेंटसाठी काढलेली, नाण्याचा दर्जा मोजायची १ ते ७० ची पट्टी आज सगळीकडे चालते. ६० पासून पुढं न वापरलेली नाणी. थोरल्याचं नाणं बाजारात कधी फिरलंच नव्हतं, तरी त्याला साधा आकडा मिळणार नाही. असे आकडे देणारी ग्रेडिंग कंपनी ‘घासलेलं’ असा शेरा मारून डबीत बंद करून पाठवते. ही पट्टी मला पटते, तिचा बाजार पटत नाही. आजच्या नव्या नाण्यांत ६९ आणि ७० मधला फरक भिंगातूनसुद्धा धड दिसत नाही आणि किंमत दुप्पट मागतात. पण घासलेलं आणि न घासलेलं यातला फरक खोटा नाही. ते आंधळ्यालाही... जाऊ दे. ते आमच्या धंद्यातल्या अनेकांनाही दिसत नाही, किंवा दिसून घ्यायचं नसतं.

मी दोन भाव सांगितले. थोरल्याच्या चारांना चांदीच्या भावावर किंचित वर, धाकट्याच्या चारांना त्याहून बरेच जास्त.

“एकच गांधी हाय की दोन्हींवर!” थोरला म्हणाला. धाकटा काही बोलला नाही, पण त्यानं आपला कागद पुन्हा नीट घडी घालून गुंडाळला. ते थोरल्यानं बघितलं. मग आवाज चढला. पहिली निवड तूच केलीस, असं एक. आईचं दुखणं-खुपणं कुणी काढलं, असं दुसरं. मधेच थोरला माझ्याकडे वळला, “तुम्ही आठीचा एकच भाव लिहून द्या, मिटलं.” मी दिला नाही. ज्या भावानं मी घेणार नाही तो कागदावर कसा लिहू?

दोघं उठून गेले. नंतर कळलं की शहरातल्याच दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं आठही नाणी एकगठ्ठा, एकाच भावानं घेतली. माझ्या दोन भावांच्या मधला कुठला तरी. पैसे निम्मे-निम्मे. थोरल्याला माझ्यापेक्षा जास्त मिळाले, धाकट्याचे बरेच गेले, आणि दोघं एका गाडीवरून परत गेले म्हणे.

परवा त्या व्यापाऱ्याकडे बसलो होतो. अल्बममध्ये आठही गांधी ओळीनं लावलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी ‘यूएनसी’, म्हणजे न वापरलेलं, आठांनाही एकच किंमत. चारांच्या अक्षरांत रांगोळी अजून तशीच. मी म्हटलं, ही चार घासलेली आहेत. तो म्हणाला, “गिऱ्हाईक चकचकीतच मागतंय. तुझी काळीच पडून राहत्यात.”

धाकट्याचा नंबर माझ्याकडे आहे. त्याची चार त्या व्यापाऱ्यानं अजून पुढं विकलेली नाहीत, मागे घ्यायची तर आत्ताच. पण हा फोन केला तर तो त्याला एकट्याला करायचा की दोघांना, हे माझं ठरत नाही.