गुडघ्यातला ‘विरघळणारा’ स्क्रू: माझा अनुभव

एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या) ऑपरेशनला साडेतीन वर्षं झाल्यावर नडगीच्या वरच्या टोकाला, जुन्या टाक्यांच्या खालीच, सुपारीएवढी गाठ आली. ताप नाही, गुडघाही लटपटत नव्हता. फक्त गुडघा टेकला की ठणका. पहिल्या दवाखान्यात अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळाली. तपासणीसाठी पू घेईपर्यंत त्या गोळ्या थांबवाव्यात का, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, थांबवा म्हणाले. गोळ्या चालू असल्या की जंतू असूनही कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) उगवत नाहीत. (ताप किंवा लाली पसरत असेल तर मात्र थांबायचं नाही.)

आधी जुनी फाइल काढा. ऑपरेशन नोटच्या पानावर इम्प्लांटचं स्टिकर असतं. माझ्या स्टिकरवर होतं: पीएलएलए, ९ × २५ मिमी, म्हणजे नवं लिगामेंट हाडातल्या बोगद्यात पक्कं धरणारा विरघळणारा स्क्रू. पीएलएलए ही लॅक्टिक ॲसिडची लांब साखळी. पाण्याने तुटते, पण तिची रचना स्फटिकासारखी घट्ट, त्यामुळे वर्षं लागतात. सुटलेल्या कणांना शरीर पेशींचा वेढा घालतं आणि जंतू नसतानाही पुवासारखा द्रव साचतो. नडगीकडचं बोगद्याचं तोंड कातडीलगत असतं, म्हणून गाठ तिथेच वर येते.

एक्स-रेत हा स्क्रू दिसत नाही, रुंदावलेला बोगदा दिसतो. स्क्रूचे अवशेष आणि गाठीचा बोगद्याशी असलेला दुवा एमआरआयमध्ये कळतो. सोबत सीआरपी, ईएसआर या सूज-संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या.

गाठ काढण्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकच गोष्ट पक्की करून घ्या: नमुना दोन डब्यांत जाणार ना? फॉर्मलिनचा डबा बायोप्सीसाठी, साध्या सलाइनचा कल्चरसाठी. सगळं फॉर्मलिनमध्ये गेलं की कल्चर संपलंच, जंतू तिथेच मरतात. घाईत हे हमखास होतं. मुंबईत टीबीची तपासणी वगळून चालत नाही; जीनएक्सपर्टचा रिपोर्ट लवकर येतो, टीबी कल्चरच्या अंतिम रिपोर्टला सहा आठवडे.

गाठ काढली, बोगदा खरवडला, कमरेच्या हाडाचा चुरा भरला. लिगामेंट एव्हाना हाडात रुजलेलं असल्याने स्क्रू काढूनही ढिलं पडलं नाही. डबीतले तुकडे पाहिले: एका टोकाला खडूसारखे चुरणारे, दुसऱ्या टोकाला टणक, आटे शाबूत. नंतर गुडघ्यापेक्षा कंबरच जास्त दुखली. बायोप्सीत परक्या कणांभोवतीच्या महाकाय पेशी होत्या, कल्चर सहाव्या आठवड्यापर्यंत कोरं. तोवर कुबड्या होत्याच.