तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोलॉगला शोध येतोच, मग सॉल्व्हरमध्ये लिहायचं काय?

रत्नागिरीकडची कॉम्प्युटरवाली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत बॅकट्रॅकिंग (वाट चुकली की मागे फिरून दुसरी धरणं) फुकट मिळतं, मग फाइनाइट डोमेन सॉल्व्हरमध्ये (मोजक्या पूर्णांकांतून अटींत बसणारे आकडे शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आपण लिहायचं ते काय उरतं?

उरते ती छाटणी: व्हेरिएबलच्या डोमेनमधून, म्हणजे त्याला घेता येणाऱ्या आकड्यांतून, अशक्य ते उडवणं. ४३ डझन हापूस चार आणि पाच डझनांच्या पेट्यांत नेमका भरायचाय: ४क + ५ख = ४३. आधी क ०..१०, ख ०..८. ख आठच्या वर जात नाही, म्हणून क निदान पाऊण, म्हणजे १. तसाच खही १. मग दोघांच्या वरच्या कडा उतरतात, आणि एकमेकांना ढकलत क २..७, ख ३..७ वर येऊन थांबतात. उत्तरं मात्र दोनच: (२,७) आणि (७,३). मधले आकडे कडा बघून उडत नाहीत, त्याला लेबलिंगच हवं, म्हणजे एकेक आकडा धरून बघणं. क=३ धरला की ५ख=३१, तिथेच फेल.

इथे पहिला खड्डा भागाकाराचा. खालची कड वर ओढायची, वरची खाली. पण पूर्णांक भागाकार बहुतेक ठिकाणी शून्याकडे कापतो. −९ भागिले ४ ची खालची कड −२. (−९+३) ला ४ ने भागून काढलीत तर −१ येते आणि खरं उत्तर गुपचूप गळतं. प्रोलॉगचा ‘डिव्ह’ (div) हा भागाकार वापरा, तो नेहमी खाली उतरतो.

डोमेन ‘असर्ट’ने (प्रोग्रॅम चालताना माहिती नोंदवण्याच्या आज्ञेने) डेटाबेसमध्ये ठेवू नका, बॅकट्रॅक झाल्यावर ते परत येत नाही. अ‍ॅट्रिब्यूटेड व्हेरिएबलवर (ज्याला जादा माहिती चिकटवता येते अशा व्हेरिएबलवर) ठेवा, ट्रेल, म्हणजे मागे फिरताना काय पूर्ववत करायचं याची प्रोलॉगची नोंद, आपोआप सांभाळते. त्याच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये त्या व्हेरिएबलला बांधलेल्या प्रोपॅगेटरांची (एकेका अटीवरून डोमेन छाटणाऱ्या तुकड्यांची) यादी. डोमेन खरंच आक्रसलं तरच त्यांना उठवायचं, तेही रांगेतून. एकातून दुसरा थेट कॉल केलात तर अर्धवट बदललेल्या कडांवर तिसराच काम करू लागतो. रांगही बॅकट्रॅकिंगने पूर्ववत होणारी हवी, नाहीतर फेलनंतर जुनी कामं तशीच पडून राहतात.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते क = ख. युनिफिकेशनच्या (दोन गोष्टी एकच करून जुळवण्याच्या) वेळी आपोआप चालणाऱ्या आपल्या कोडमध्ये, म्हणजे हुकमध्ये, आकडा आला की तो डोमेनमध्ये आहे का, एवढंच पाहून लोक मोकळे होतात. दुसरं व्हेरिएबल आलं तर दोन्ही डोमेनांचा छेद घ्यायचा, याद्या जोडायच्या आणि दोन्हींकडचे प्रोपॅगेटर उठवायचे. ‘सगळे वेगळे’ हा नियम दोघांवर असेल तर तो तिथेच पडायला हवा. तो फक्त आकड्यांची वाट बघत बसला, तर चूक लेबलिंगपर्यंत दबून राहते.