टेम्पीची मलेट अरीना आणि कायोटीजची शेवटची मॅच

ताई अॅरिझोनात चँडलरला राहते. एप्रिल २०२४ मध्ये तिच्याकडे होतो तेव्हा भावोजी म्हणाले, चल, तुला आईस हॉकी दाखवतो, ही मॅच चुकवली तर परत दिसायची नाही. तिकीट बरंच महाग पडलं पण गेलो. गाडी मेसाला लावली आणि लाइट रेलने टेम्पीला. बाहेर घाम येईल असं ऊन आणि आत शिरल्यावर जॅकेट घालावं लागलं.

ही मलेट अरीना खरं तर अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॉलेज टीमची, सीट्स पाच हजारच्या आसपास. आणि तिथे दोन सीझन एनएचएलची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या आईस हॉकी लीगची टीम खेळत होती, अॅरिझोना कायोटीज! आधी ते ग्लेनडेलच्या सतरा हजारांच्या स्टेडियममध्ये होते, पण ग्लेनडेल शहराने करार पुढे वाढवला नाही, मग टेम्पीत नवीन अरीना बांधून होईपर्यंत इथे राहू असं ठरलं. सुरुवात ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली तेव्हा पाहुण्या टीमसाठी धड ड्रेसिंग रूमपण तयार नव्हती, शेजारच्या सरावाच्या रिंकवर पार्टिशन टाकून सोय केली होती.

हे भावोजी सांगत होते आणि मला आमची गिरगावची चाळ आठवत होती. आम्हालापण तीन वर्षांत नवीन घर म्हणून ट्रान्झिट कॅम्पात पाठवलं आणि अकरा वर्षं तिथेच काढली, बाबा तिथेच गेले. कायोटीजचंही तेच झालं. १६ मे २०२३ ला टेम्पीच्या लोकांनी मतदान करून नव्या अरीनाचा प्रस्ताव पाडला, जुन्या कचरा डेपोच्या जागेवर होणार होती ती.

पण त्या छोट्या हॉलमध्ये जी मजा आहे ना, ती सांगून कळणार नाही. मागच्या रांगेतूनसुद्धा स्केटची धार बर्फ कापते तो खर्रर्र आवाज येतो, खेळाडू काचेवर आदळला की आपल्या पायाखाली जाणवतं, पक म्हणजे ती काळी रबरी चकती इतकी जोरात जाते की पहिली दहा मिनिटं मला ती दिसतच नव्हती, मग भाचा म्हणाला, मामा, पक शोधू नकोस, खेळाडू कुठे वळतात ते बघ, आणि खरंच दिसायला लागली. घरच्या टीमने गोल केला की अख्खा हॉल कोल्ह्यासारखा ऊऊऊ करून ओरडतो, कायोटी म्हणजे तिकडचा कोल्हाच. मीपण ओरडलो, घसा बसेपर्यंत.

१७ एप्रिलची ती मॅच एडमंटन ऑइलर्सविरुद्ध होती आणि कायोटीजनी ५-२ ने जिंकली. टीम युटा राज्यात जाणार हे सगळ्यांना कळलेलंच होतं. मॅच संपली तरी कोणी जागचं हलेना. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या अंगात जुनी जर्सी होती, १९९६ मध्ये टीम कॅनडातल्या विनिपेगहून इकडे आली तेव्हापासून ते येतायत म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत, नुसते बर्फाकडे बघत राहिले. मला त्यांच्याशी काय बोलावं सुचेना, म्हणून शेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी अधिकृत घोषणा झाली, खेळाडू युटातल्या सॉल्ट लेक सिटीला जाणार. भाचा नाश्त्याला जर्सी घालूनच बसला होता. ताई म्हणाली, धुवायला टाक रे ती. तो म्हणाला, आज नको.